चावीवाल्याचा नंबर अडचणीच्या आधी सेव्ह व्हायला हवा: कोल्हापूरच्या हंगामांनुसार सोशल मीडियाचं नियोजन

रात्री साडेअकराला स्वतःच्याच दाराबाहेर अडकलेला माणूस रील्स बघत बसत नाही. वाऱ्यानं दार धाडकन लागलंय, चावी आत राहिलीय, गॅसवर दूध आहे. अशा वेळी तो दोनच गोष्टी करतो. फोनमध्ये कुणा चावीवाल्याचा नंबर आहे का बघतो, आणि नसेल तर गूगलवर शोधतो. तुम्ही सकाळी टाकलेली सुंदर पोस्ट त्याला तेव्हा आठवत नाही. पण दोन महिन्यांपूर्वी पावसात फुगलेल्या दाराबद्दल तुम्ही उपयोगाचं काही सांगितलं असेल आणि त्यानं तेव्हाच 'चावीवाले मामा' म्हणून नंबर सेव्ह करून ठेवला असेल, तर फोन तुम्हालाच येतो.

आमचं चावीचं दुकान लक्ष्मीपुरीत आहे. कानस आणि मशीन आबांच्या हातात, दुकानाचा मोबाइल माझ्याकडे. मिठाईवाला किंवा कापडवाला ज्या पद्धतीनं सोशल मीडिया वापरतो, ती आपल्या धंद्याला चालत नाही. हौसेनं कुणी कुलूप उघडून घ्यायला येत नाही. आपली प्रत्येक पोस्ट पुढच्या कुठल्या तरी अडचणीसाठी असते, आणि कोल्हापुरात त्या अडचणी हंगामाप्रमाणे येतात.

आधी वही उघडा

मोबाइल हातात घेण्याआधी मागच्या वर्षाची कामाची वही काढा. वही नसेल तर बिलबुक, तेही नसेल तर फोनमधले पेमेंटचे मेसेज. महिन्याप्रमाणे कामं लिहून काढा: घराचं कुलूप, कपाट, शटर, दुचाकीची चावी, चारचाकीची चिपवाली चावी, भाड्याच्या खोलीचं लॉक. तासाभराचं काम आहे, पण बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

आम्ही हे केलं तेव्हा जून-जुलैमध्ये राजारामपुरी आणि विद्यापीठाकडच्या भागातून खोल्यांची कामं एकामागून एक आलेली दिसली. गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात कपाटांची, नवरात्रात गाड्यांची, दिवाळीआधी शटर आणि तिजोऱ्यांची. उद्यमनगर आणि शिरोलीकडच्या कारखान्यांतली ड्रॉवर-लॉकरची कामं मात्र वर्षभर सारखीच होती, त्यांना हंगाम नाही. तुमच्या भागात चित्र वेगळं असेल. शाहूपुरीतल्या दुकानाला लॉजवाल्यांची कामं जास्त येतील, कागलकडच्याला ट्रॅक्टर आणि शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या पेट्यांची. दुसऱ्याचं कॅलेंडर उचलून वापरू नका.

पाया: गूगल आणि व्हॉट्सॲप

इन्स्टाग्रामच्या मागे लागण्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि नकाशावर दिसणारं दुकानाचं पान, नीट करून घ्या. अडकलेला माणूस तिथेच शोधतो. दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे तेच प्रोफाइलला द्या. नावातच 'कोल्हापूर नंबर वन चावीवाला 24 तास' असं सगळं कोंबलं तर गूगलच्या नियमात बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी, शटर उघडणारा तुमचा हात आणि आतलं मशीन सलग दाखवावं लागतं, म्हणून गर्दी नसलेल्या सकाळी करा.

वर्णनात लोक जे शब्द बोलतात ते सगळे येऊ द्या. कुणी चावी म्हणतो, कुणी किल्ली. कुणी 'डुप्लिकेट चावी' शोधतो, कुणी 'की मेकर'. आपण अंबाबाईचं देऊळ म्हणतो, बाहेरगावचा भाविक 'महालक्ष्मी मंदिर' टाइप करतो. दुकान त्या भागात असेल तर दोन्ही नावं वर्णनात हवीत. रात्री काम घेत नसाल तर '24 तास' लिहू नका. रात्री एकला फोन लावून कुणी उचलला नाही की तो माणूस सकाळी एक स्टार देऊन जातो, आणि त्याचा राग खरा असतो. सणाच्या दिवसांसाठी विशेष वेळ टाकायची सोय आहे, ती वापरा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तीन गोष्टी लगेच करा. कॅटलॉगमध्ये कामांचे प्रकार आणि 'इतक्यापासून पुढे' असे दर टाका. गाडीच्या साध्या चावीचा आणि चिपवाल्या चावीचा दर वेगळा दाखवा, कारण चिपवाली चावी नुसती कापून चालत नाही, ती गाडीशी जुळवावी लागते आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच वाद घालतं. दुसरं, झटपट उत्तर तयार ठेवा: 'लोकेशन पाठवा, कुलपाचा बाहेरून फोटो पाठवा, येण्याचा खर्च इतका, रात्री दहानंतर इतका.' आणि तिसरं, लेबलं: खोलीमालक, दुकानदार, सोसायटी, मंगल कार्यालय. हंगाम आला की त्या त्या गटालाच निरोप द्यायचा असतो, तेव्हा ही लेबलं कामाला येतात.

एक अट लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीतला, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला निरोप तुमचा नंबर ज्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे त्यालाच पोहोचतो. म्हणून काम झालं, पैसे घेतले की आबा निघता निघता सांगतात, "ताई, नंबर सेव्ह करून ठेवा, 'चावीवाले' म्हणून. रात्री-अपरात्री शोधत बसायला नको." या एका वाक्यानं आमची यादी वाढली.

जून: खोल्या, हॉस्टेल आणि जुन्या भाडेकरूच्या चाव्या

प्रवेश सुरू झाले की खोल्या बदलतात. पोस्ट दोन वेगवेगळ्या माणसांसाठी करायची: खोलीमालक आणि विद्यार्थी. मालकाला सांगा की जुन्या भाडेकरूनं दोन चाव्या परत दिल्या तरी तिसरी त्यानं बनवून घेतली होती का, हे कुणालाच ठाऊक नसतं. अख्खं लॉक फेकायची गरज नाही, सिलिंडर, म्हणजे चावी जिथे घालतो तो लॉकचा भाग, तेवढा बदलला की काम भागतं आणि पैसेही वाचतात. ही पोस्ट मेच्या शेवटच्या आठवड्यात मालकांच्या यादीला जायला हवी. पोरं सामान घेऊन दारात उभी राहिली की मालकाला वेळ नसतो.

विद्यार्थ्यांसाठी इन्स्टाग्राम आणि बोली आपलीच ठेवा. 'मेसवरनं आलास आनि चावी आत राहिली? पार्टनर गावाला गेलाय? नंबर सेव्ह करून ठेव भावा.' सोबत एवढंच सांगायचं की खोलीची जादा चावी मालकाकडे किंवा शेजारच्या खोलीत ठेवा.

पाऊस: दार फुगतं, कुलूप बदनाम होतं

आमच्या सगळ्यांत जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओत आम्ही काहीच विकलेलं नाही.

जुलैत सलग पाऊस लागला की फोन सुरू होतात: "मामा, चावी फिरंना झालीया, नवीन कुलूप घेऊन या." आबा जातात, पहिल्यांदा दार उघडं ठेवून चावी फिरवून बघतात. चावी लोण्यासारखी फिरते. मग दार लावून फिरवतात, अडकते. म्हणजे कुलूप ठणठणीत आहे. लाकूड पाणी पिऊन फुगलंय, दार खाली किंवा बाजूला सरकलंय आणि लॉकची जीभ चौकटीच्या पट्टीतल्या भोकासमोर येत नाही. काम सुताराच्या रंध्याचं, किंवा पट्टीचं भोक जरा कानसून मोठं करायचं. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता. दार उघडं, चावी फिरते. दार बंद, चावी अडते. वर अक्षरं: 'थांबा, कुलूप बदलू नका.' तो व्हिडिओ गल्लीतल्या ग्रुपमधून सोसायटीच्या ग्रुपमध्ये आणि तिथून गावाकडच्या ग्रुपमध्ये फिरला. नवीन कुलपाची विक्री गेली म्हणून हळहळायचं कारण नाही. जो माणूस विनाकारण पैसे काढत नाही, त्याच्याच हातात लोक घराची चावी देतात.

पावसाळ्यातला दुसरा विषय तेलाचा. सिलिंडरवाल्या लॉकमध्ये लोक खोबरेल किंवा गोडेतेल सोडतात. दोन दिवस चावी छान फिरते, मग त्या तेलावर धूळ बसून चिकटा होतो आणि आतल्या पिना अडकतात. ग्रॅफाइट पावडर चांगली, आणि घरात ती नसेल तर शिसपेन्सिलीचं टोक चावीच्या खाचांवर घासून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करायची. हे हातानं करून दाखवा, बोलून सांगू नका. बाहेर लटकणाऱ्या कुलपावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कशी लावायची, हा तिसरा व्हिडिओ. एवढ्यावर जुलै निघतो.

पूर: इथे जाहिरात थांबवायची

कोल्हापुरात पावसाळ्यात सगळे एकच प्रश्न विचारतात, बंधाऱ्यावर किती फूट? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद पडला.

तुम्ही महिन्याच्या पोस्ट आधीच शेड्यूल करून ठेवत असाल, आणि ठेवाव्यातच, तर पाणी 39 च्या जवळ आलं की पहिलं काम म्हणजे मेटा बिझनेस सूटमध्ये (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट जिथून शेड्यूल करतो तिथे) जाऊन त्या सगळ्या थांबवणं. सुतारवाड्यातली, दुधाळीतली, कुंभार गल्लीतली माणसं सामान बाहेर काढत असताना आपल्या पानावर 'श्रावण स्पेशल ऑफर' झळकली तर ती वर्षानुवर्षं लक्षात राहते.

त्या दिवसांत टाकायचंच असेल तर उपयोगाचं टाका. घर सोडताना कपाट, तिजोरी, गाडी या सगळ्यांच्या चाव्यांचा एकच जुडगा करून अंगावर ठेवा. कागदपत्रं वरच्या मजल्यावर न्या. कपाटाची जादा चावी कपाटातच ठेवू नका. एवढंच, खाली दुकानाचं नाव लहान अक्षरांत.

खरं काम पाणी ओसरल्यावर येतं. 2019 च्या पुरानंतर एक बाई लोखंडी कपाटाचं काढलेलं लॉक पिशवीतून घेऊन आल्या होत्या. चावी घालून जोर लावला होता, ती आतच वाकली होती. आबांनी लॉक उघडलं तेव्हा आतले लिव्हर, म्हणजे चावीनं उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, दिसतच नव्हते, तपकिरी गाळाचा एक घट्ट ठोकळा होता, वाळलेल्या मातीच्या भांड्यासारखा. त्यांनी तो जुन्या टूथब्रशनं, स्वच्छ पाण्याच्या धारेखाली हळूहळू सोडवला. एकेक लिव्हर पुसून कागदावर ओळीनं मांडला, वाळवला, परत बसवला. मी तेव्हा फोटो काढले नाहीत, आणि तेच बरोबर होतं. पण त्यातून जे शिकलो ते पुढच्या पुरानंतर पोस्ट केलं: पुरात भिजलेल्या कुलपात चावी घालून जोर लावू नका. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, पूर्ण वाळू द्या, गंज सोडवणारा स्प्रे मारा, मग चावी हलक्या हातानं घाला. नाही फिरली तर फोन करा. पूरग्रस्तांसाठी दर कमी ठेवणार असाल तर तो आकडा सरळ लिहा, 'विशेष सवलत' असं मोघम लिहू नका.

गौरी-गणपती ते दिवाळी

गौरीचे मुखवटे आणि दागिने वर्षातून एकदा बाहेर निघतात, आणि नेमकं तेव्हाच कपाटाच्या आतल्या कप्प्याची चावी सापडत नाही. गणपती बसायच्या आठ-दहा दिवस आधी एकच पोस्ट: 'कप्प्याची चावी आजच लावून बघा.' मंडळांना दानपेटीचं कुलूप लागतं. दोन चाव्यांची, दोघांनी मिळून उघडायची पेटी सुचवा, कार्यकर्त्यांना ती कल्पना आवडते.

नवरात्राची तयारी मात्र घटस्थापनेच्या तीन आठवडे आधी सुरू करा. लाखोंनी भाविक येतात, गाडी लांब पार्किंगला लावून देवळापर्यंत चालत जातात, आणि परत आल्यावर चावी डिकीत किंवा गाडीत राहिलेली असते. हा माणूस तुम्हाला फॉलो करत नाही, त्याला तुम्ही गूगलवर आणि पार्किंगच्या माणसाकडेच सापडायला हवेत. म्हणून गूगल प्रोफाइलवर 'गाडीत चावी राहिली?' अशी पोस्ट टाका, सोबत गाड्यांच्या कामाचे नवे फोटो. निपाणी-बेळगावकडचे खूप लोक येतात. कन्नड येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून दोन ओळी लिहून घ्या, यंत्राचं भाषांतर जसंच्या तसं टाकू नका. जवळच्या लॉज आणि यात्री निवासांच्या काउंटरवाल्यांना व्हॉट्सॲपवर तुमचं कार्ड पाठवून ठेवा. त्या दिवसांत देवळाभोवतीचे रस्ते बंद असतात, तेव्हा उत्तरात हेही लिहा: 'दुचाकीवरून येतो, तुम्ही पार्किंगच्या मुख्य गेटजवळ उभे राहा.'

खंडेनवमीला आपल्या हत्यारांची पूजा असते. कानस, व्हाइस (चावी घट्ट पकडून ठेवणारा शिकंजा), चावी कापायचं मशीन, आणि आमच्याकडे आबांच्या वडिलांची लाकडी मुठीची कानस. झेंडूची फुलं वाहिलेला तो एक फोटो टाका, ऑफर नको, नंबर नको. वर्षभरात सर्वांत जास्त माणसं या फोटोवर बोलतात, जुनी गिऱ्हाइकं आठवणी लिहितात.

दिवाळीला दुकानदारांची यादी काढा. गुजरीपासून महाद्वार रोडपर्यंत सगळ्यांना शटर साफ करून, लॉक तपासून हवं असतं, पण धनत्रयोदशीच्या आठवड्यात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. निरोप दसऱ्यानंतर लगेच पाठवा आणि सकाळी दुकान उघडायच्या आधीची वेळ द्या.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. अख्खं घर कार्यालयात आणि घराला एक साधं कुलूप, ही चोराला आयती संधी. मंगल कार्यालयं आणि पत्रिका छापणाऱ्यांशी ओळख ठेवा. ऊसतोड सुरू झाली की गावाकडच्या फेसबुक ग्रुपमध्ये मोटारीच्या पेटीच्या कुलपाबद्दल लिहा. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला नवरात्रातलीच तयारी, जरा छोट्या प्रमाणात. मे महिन्यात 'कोकणात निघण्याआधी' एवढी एक पोस्ट पुरते.

कॅमेऱ्यासमोर काय येऊ द्यायचं नाही

सुरुवातीच्या दिवसांत मी नवीन कापलेल्या चावीचा फोटो टाकला होता. पितळ चमकत होतं, उजेड छान पडला होता, खाली लिहिलं होतं कुठल्या पेठेतलं काम. संध्याकाळी त्या गिऱ्हाइकाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण थरथरत होता. "बाळ, ही माझ्या घराची चावी आहे ना?" आबांनी फोटो पाहिला आणि मला सांगितलं की चावीचे खाचे इतके स्पष्ट दिसत असतील तर चांगला कारागीर फोटोवरून चावी बनवू शकतो. मी तो फोटो काढला, आम्ही त्याच रात्री त्यांच्या घरी गेलो आणि स्वखर्चानं सिलिंडर बदलून दिला.

तेव्हापासून नियम पक्के आहेत. गिऱ्हाइकाच्या चावीचे खाचे कधीच दिसू द्यायचे नाहीत, शूटिंगसाठी भंगारातली चावी आणि जुनं कुलूप वापरायचं. घराचा नंबर, गल्ली, गाडीची नंबर प्लेट, घरातलं सामान दिसू द्यायचं नाही. 'आज अमुक कॉलनीत तिजोरी उघडली' असं लिहायचं नाही. कुलूप कसं उघडतात याची रील कितीही चालत असली तरी करायची नाही. कोण गावाला गेलंय हे आपल्याला कळलेलं असतं, ते आपल्यापाशीच राहायला हवं.

याची दुसरी बाजू मात्र आवर्जून दाखवा. आम्ही दार उघडण्याआधी ओळखपत्र बघतो, भाडेकरू असेल तर मालकाशी फोनवर बोलतो, वहीत नोंद आणि सही घेतो. संशय आला तर काम करत नाही. ही पोस्ट प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन करून ठेवा. काही गिऱ्हाइकं चिडतात, पण बाकीची तीच पोस्ट वाचून येतात.

रील कशी घ्यायची

फोन व्हाइसच्या वर, हातांच्या रेषेत. चेहरा नसला तरी चालतो, हात हवेत. पहिल्या दोन सेकंदांत अडचण दिसली पाहिजे: न फिरणारी चावी, गंजलेलं कुलूप. गाणं लावू नका. कानसचा आवाज, मशीनची घरघर, कुलूप उघडल्याचा खट्, हे आपल्या धंद्याचं संगीत आहे. 25-30 सेकंद पुरेत. शेवटी नंबर मोठ्या अक्षरांत आणि 'सेव्ह करून ठेवा'. लोकेशनमध्ये नुसतं कोल्हापूर न टाकता राजारामपुरी, कसबा बावडा असं भागाचं नाव टाका.

आठवड्याला दोन पोस्ट पुरतात, आणि स्टेटस रोज. महिन्याच्या आठ पोस्ट एका रविवारी बसून शेड्यूल होतात.

पैसे लावायचे तर कधी

वर्षभर जाहिरात चालू ठेवू नका. जूनचे दोन आठवडे, नवरात्र आणि दिवाळीआधीचे दहा दिवस, एवढ्यातच पैसे लावा. दिवसाला शंभर-दीडशे रुपयांपासून सुरुवात करा, परिसर दुकानाभोवतीच्या काही किलोमीटरपुरता ठेवा, आणि बटण फोन किंवा व्हॉट्सॲपचं द्या. सांगलीतल्या माणसानं लाइक केलं तर आपल्या काय कामाचं?

रिव्ह्यू काम झाल्यावर लगेच मागा, लिंक व्हॉट्सॲपवर पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलला ते चालत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर एका दिवसात, शांतपणे, गिऱ्हाइकाचा पत्ता किंवा कामाचा तपशील उघड न करता उत्तर द्या.

वहीत एक रकाना वाढवा

प्रत्येक फोनवर विचारा, "नंबर कुठून मिळाला?" उत्तर एका शब्दात वहीत लिहा: गूगल, स्टेटस, रील, सोसायटी ग्रुप, शेजारी, रिक्षावाला. हंगाम संपला की मोजा. आमच्याकडे एका नवरात्रात रीलवरून आलेली कामं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती. पार्किंगमधल्या माणसांनी आणि रिक्षावाल्यांनी पाठवलेली त्याहून कितीतरी जास्त निघाली. पुढच्या वर्षी जाहिरातीचे निम्मे पैसे आम्ही कमी केले आणि खेळायच्या पत्त्याच्या आकाराची कार्डं छापून घेतली. त्यावर व्हॉट्सॲपचा क्यूआर, मराठी आणि कन्नडमध्ये एक ओळ. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आबा स्वतः स्टँडवर जाऊन ती वाटून आले.